थंडीत कासव खात नाही, डोळे मिटून बसते: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

दिवाळी आटोपली, रात्री दुलई काढा लागली, का माझ्या दुकानासमोर कोणीतरी हातात टब घेऊन उभं राहते. दुकान माझं मोटर वायंडिंगचं, विहिरीवरच्या मोटरा, कूलरचे पंप, मिक्सर असं सगळं, पण मागच्या दहा-बारा वर्षांत आजूबाजूच्या खेड्यांत कासववाला म्हणूनच जास्त ओळखतात. तक्रार दरवर्षी तीच आणि शब्दही तेच, "काकाजी, चार दिवस झाले, हे खाऊनच नाही राह्यलं." म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी लक्षणं पाहा, तुमच्याकडे काय काय जुळते ते.

टाकलेलं खाणं तसंच तरंगत राहते. आधी माणूस दिसला का काचेवर पाय मारत येणारं कासव आता कोपऱ्यात दगडासारखं पडून. डोळे अर्धे मिटलेले, नाहीतर पापण्या सुजून भिजवलेल्या चण्याच्या डाळीसारख्या फुगलेल्या, आणि ते पुढच्या पायानं डोळे चोळून राहिलं. पाठीवर पांढरा थर. पाण्याला दोन दिवसांत वास. कवचाची कड बोटानं दाबली तर थोडी लवते. ही सगळी लक्षणं अशी का घरी बसून, क्रमानं, थोडा पैसा लावून पाहता येतात.

दुसरी लक्षणं वेगळी. नाकातून बुडबुडे किंवा शेंबूड, मान लांब करून तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, पोहताना एका अंगावर कलणं, पाण्यात बुडताच न येणं, डोळ्याच्या मागच्या बाजूला सुपारीएवढी गाठ, कवचाला मऊ खड्डा पडून घाण वास, मागचे पाय ओढत चालणं. यातलं एकही असेल तर मधलं सगळं नंतर वाचा, आधी शेवटी डॉक्टरचं लिहिलं आहे तिथं जा आणि गाडी काढा. एका अंगावर कलणं म्हणजे बहुतेक वेळा एका फुप्फुसात पाणी किंवा कफ भरलेला असते, तिथं माझा थर्मामीटर काही कामाचा नाही.

आता घरच्या तपासण्या. पहिली फुकट आहे आणि लोकांना तिचाच राग येतो.

कासव कोणतं आहे ते पाहा. डोळ्याच्या मागे लाल पट्टा असेल, अंग हिरवं, पोटाकडचं कवच पिवळं आणि त्यावर काळे ठिपके, तर ते रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं, दुकानात मिळते ते हेच, आणि ही पोस्ट त्याच्यासाठी आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं स्टार कासव असेल, किंवा पावसाळ्यात नाल्यात, विहिरीत, धुऱ्यावर सापडलेलं मऊ पाठीचं कासव असेल, तर त्याला हीटर लावू नका, बल्ब लावू नका, काहीच करू नका. ही दोन्ही आपली इथली कासवं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत. घरात लक्ष्मी येते म्हणून ठेवलं, आजोबांच्या काळापासून आहे, मंदिराच्या टाक्यातलं आहे, असलं काही चालत नाही. वनखात्याचा १९२६ नंबर आहे, त्याच्यावर सांगा, ते घेऊन जातात. आणि आजारी असेल तर त्याच्यासाठी चांगलंच आहे, कारण नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये अशाच जनावरांचा इलाज होते. उलट एक स्टार कासव मी स्वतः पाहिलंय ज्याला स्लायडर समजून टबात पाण्यात ठेवलं होतं. ते जमिनीवरचं जनावर, त्याला पोहता येत नाही, रात्रभर मान वर करून उभं होतं बिचारं.

दुसरी तपासणी थर्मामीटर. दीड-दोनशे रुपयांत वायरवाला डिजिटल मिळते, टोक पाण्यात सोडायचं, आकडा बाहेर दिसते. काचेवर चिकटवायची पट्टी घेऊ नका, ती काचेचं तापमान दाखवते, पाण्याचं नाही. आणि हात घालून "कोमट वाटते" म्हणू नका राजेहो, आपला हात बाहेर थंडीत गारठलेला असला का १८ डिग्रीचं पाणीही त्याला कोमटच वाटते.

सकाळी सहा वाजता पाहा. दुपारी नाही. दुपारी आपल्याकडे डिसेंबरातही ऊन चांगलं असते आणि पाणी २४-२५ दाखवते, मग माणूस म्हणते सगळं बरोबर आहे. खरा आकडा पहाटेचा. आपल्या इकडे थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जाते, आणि टब शहाबादी फरशीवर ठेवलेला असला तर फरशी रात्रभर त्यातली ऊब ओढत राहते. मी पहाटे मोजलेलं पाणी बहुतेक घरांत १५ ते १८ निघालं आहे.

आता हे कावून महत्त्वाचं ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. कासवाला स्वतःची ऊब नसते. आपण थंडीत भाकर खाल्ली का अंग आतून तापते, त्याचं तसं नाही, पाणी जेवढं तेवढंच त्याचं पोट. पाणी २० च्या खाली गेलं का पोटातलं अन्न पचायचं हळू होत जाते, ते स्वतःच खाणं बंद करते, आणि त्याच्या हिशोबानं ते शहाणपणाच करते, कारण खाल्लेलं आत तसंच राहिलं तर सडते. अमेरिकेत जिथं तळं गोठते तिथं ही कासवं तळाशी जाऊन थंडीभर गप पडतात. आपल्याकडची अडचण अशी का पाणी तेवढं थंडही होत नाही. १६-१७ डिग्री म्हणजे झोपायला गरम आणि जेवायला गार. त्यात ते महिना दीड महिना अर्धवट राहते, अंगातली ताकद खर्च होते, रोगाशी झगडायची शक्ती कमी होते आणि संक्रांतीच्या आसपास नाकातून बुडबुडे सुरू होतात. मग लोक म्हणतात काल-परवापर्यंत ठीक होतं. ठीक नव्हतं, दिवाळीपासूनच नव्हतं.

माझं पहिलं कासव असंच गेलं. भाच्यानं जत्रेतून आणलेलं, दोन रुपयाच्या नाण्याएवढं, विकणाऱ्यानं सांगितलं "हे एवढंच राहते, वाढत नाही", काचेच्या वाटीत, ओसरीवर, ब्रेडचे तुकडे टाकून. जानेवारीत एक दिवस सकाळी उचललं तर मान बाहेर लटकलेली. एवढंच राहते हे मात्र खोटं, मादी वाढून दहा-बारा इंच होते, आणि नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं जगते.

तर पाणी २४ ते २७ पाहिजे, लहान पिल्लू असेल किंवा आजारी असेल तर २७-२८. त्यासाठी मत्स्यपालनाच्या दुकानात काचेच्या नळीचा हीटर मिळते, आकडा लावायचा असते, तेवढं तापलं का आपोआप बंद. साधा हिशोब लिटरला एक वॅट, म्हणजे ५० लिटर पाणी असेल तर ५० वॅटचा. इथं मी वायंडिंगवाला म्हणून चार गोष्टी जास्तीच्या सांगतो, कारण लोक इथंच चुकतात. हीटर पूर्ण पाण्यात बुडालेला पाहिजे, आपल्याकडे पाणी उडून कमी होते आणि अर्धा उघडा पडलेला हीटर तडकते. कासव त्याच्यावर चढते, ढुशा देते, काच फोडते, म्हणून शेतातला दोन इंची पीव्हीसी पाइप कापून, त्याला चाळणीसारखी भोकं पाडून हीटर आत ठेवा, फुकटात काम होते. प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, नुसतं बटन बंद करून नाही, आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटं असणं काही नवीन नाही. आणि हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, माझा एक स्वस्तातला हीटर बंदच व्हायचा नाही, २६ वर लावलेला आणि पाणी ३५, थर्मामीटर होता म्हणून दिसलं.

आंघोळीचं पाणी तापवायची कॉइल टबात टाकू नका. हसू नका, एका पोट्ट्यानं टाकली होती, कासव बाहेर काढून टाकली होती म्हणून वाचलं, पण टब वितळला.

ऊब एकदम वाढवायची नाही. १६ वरून २७ वर एका तासात नेलं तर त्या जिवाला झटका बसते, दिवसाला दोन-तीन डिग्री चढवा. २५ च्या वर पाणी टिकलं का मग तीन-चार दिवस थांबा, आधी पेलेट (कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या) टाकू नका. माझ्याकडे येणाऱ्या कासवांत अर्ध्याहून जास्त इथंच बरी होतात, पाचव्या दिवशी फोन येते का खाल्लं बुवा.

लाईटचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी येते, खेड्यात रात्री लाईट गेली का सकाळीच. टबाखाली आणि चारी बाजूंनी थर्माकोलचे तुकडे लावा, फ्रिजच्या खोक्यातले चालतात, वरून गोधडी, हवा जायला एक कोपरा उघडा. जास्तच वेळ जाणार असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून झाकण घट्ट लावून टबात तरंगती सोडा. एवढ्यात रात्र निघते.

उन्हाळ्यातही हाच थर्मामीटर लागते, फक्त उलट्या बाजूनं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जाते, आणि उथळ टब गच्चीवर ऊन खायला म्हणून ठेवला तर त्यातलं पाणी ४० च्या वर जायला वेळ लागत नाही, कासव त्यात अक्षरशः शिजते. ३२ च्या वर आकडा गेला का टब कूलरच्या खोलीत हलवा. बस, उन्हाळ्याचं एवढंच.

तिसरी तपासणी पाण्याची. इथं डोळे सुजल्याचं कारण बरेचदा सापडते.

नळाला पाणी आल्या आल्या भरून टबात ओतता का? ग्रामपंचायत टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकते, पावसाळ्यात तर जरा जास्तच पडते, ज्या दिवशी पाण्याला तो वास असते त्या दिवशी आपल्याच डोळ्यात पाणी गेलं तर चुरचुरते. कासवाचे डोळे चोवीस तास त्यात. उपाय सोपा, उघड्या ड्रममध्ये पाणी एक दिवस-रात्र ठेवा, क्लोरीन उडून जाते, मग वापरा. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येते, त्यामुळे पाणी आपोआपच शिळं होते, हा एक फायदा म्हणा. ज्यांच्याकडे रोज येते त्यांचीच कासवं जास्त आजारी पाहिलीत मी.

पाणी किती दिवसांनी बदलता? कासव त्याच पाण्यात खाते, त्यातच हगते, आणि आपल्या अंदाजाच्या तिप्पट हगते. वास आला म्हणजे उशीर झाला, अमोनियानं डोळे आणि कातडी आधीच पोळलेली असते. फिल्टर नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी तिसरा हिस्सा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण. खाऊ घालताना वेगळ्या घमेल्यात घाला आणि अर्ध्या तासानं परत आणा, निम्मी घाण वाचते. नवीन पाणी जुन्याच्याच ऊबेचं असू द्या, नाहीतर हीटर लावून काय केलं.

पाणी खोलही पाहिजे. घोट्याएवढ्या पाण्यात ठेवायची पद्धत आहे लोकांची, बुडून मरेल म्हणून. उलट आहे, कासव उताणं झालं तर उथळ पाण्यात त्याला परत पलटता येत नाही आणि तिथंच नाक पाण्यात राहते. निदान कवचाच्या रुंदीएवढी खोली ठेवा आणि चढायला एक बाजू उतरती.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. दर्यापूर, मूर्तिजापूर, पूर्णेच्या काठचा आपला भाग, बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यात ठेवलेल्या कासवाच्या पाठीवर वाळल्यावर पांढरा थर दिसते, लोक बुरशी समजून त्याला काय काय चोपडतात, एका काकूंनी तर खोबरेल तेलात हळद कालवून लावली होती. ओळखायचं असं, पाठ ओली केली का थर दिसेनासा होते आणि नखानं खरवडला तर चुन्यासारखा खरबरीत लागते, तो क्षार. पाण्यातही कापसासारखा हलतो, मऊ लागते, ती बुरशी. क्षारानं लगेच काही होत नाही, पण पाणी बदला, नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं वापरा. तेल कोणत्याच कवचाला लावायचं नाही, कवच म्हणजे काही शो-पीस नाही, त्याच्या खाली जिवंत हाड आहे आणि तेलावर घाण बसून खालून सडायला लागते.

चौथी ऊन. हे फुकट आहे पण वेळ लागते, म्हणून चौथ्या नंबरवर.

कासवाला रोज कोरडं होऊन ऊन खा लागते. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या कातडीत व्हिटॅमिन डी ३ तयार होते, त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही, मग शरीर कवचातूनच कॅल्शियम काढून वापरते आणि कवच मऊ पडते. बोटानं दाबून पाहायला सांगितलं ते म्हणूनच. अगदी पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतेच, घाबरू नका, पण तीन-चार इंचाचं कासव लवत असेल तर हे काही एका दिवसाचं नाही, महिन्यांचं आहे.

"खिडकीत ठेवतो ना रोज" असं सांगतात लोक. काचेतून यूव्हीबी येतच नाही. ऊब येते, उजेड येते, कामाची गोष्ट बाहेरच राहते. आंगणात न्या, थंडीत सकाळी नऊ ते अकरा, टबाचा अर्धा भाग सावलीत पाहिजे म्हणजे त्याला नको वाटलं तर सरकता येईल. आणि वर जाळी. आमच्याकडे वानरं, कावळे, मांजर सगळेच, एका अंगणवाडीच्या ताईंचं कासव कावळ्यानं उचललं आणि शेजाऱ्याच्या टिनावर टाकलं, ते वाचलं ही गोष्ट वेगळी. आंगण नसेल तर यूव्हीबीचा बल्ब घ्या, फूटभर अंतरावर, मध्ये काच-प्लास्टिक काही नको, आणि वर्षभरात बदला, बल्ब पेटत राहते पण त्यातली यूव्हीबी संपलेली असते आणि ती डोळ्याला दिसत नाही. हजार-पंधराशेचा खर्च आहे. ऊन असताना मी तो कोणाला सांगत नाही.

पाचवी खाणं, आणि सुजलेल्या डोळ्यांचं खरं मूळ इथं आहे.

पाणी ऊबदार आहे, स्वच्छ आहे, तरी पापण्या फुगलेल्याच, असं असेल तर काय खाऊ घालता ते सांगा. बहुतेक घरांत डब्यातले सुकलेले झिंगे. कासवाला ते लय आवडतात, पोट्ट्यांना कुरकुरे आवडतात तसे, आणि तेवढ्याच कामाचे आहेत. त्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाजवळ आईकडून मिळालेला साठा काही महिने पुरते, म्हणून आणल्यावर सहा महिने सगळं छान चालते आणि मग एकाएकी डोळे सुजतात. ए कमी पडलं का डोळ्याजवळच्या ग्रंथींच्या आतलं अस्तर जाड होऊन नळ्या बुजतात, पापणी फुगते. डोळे मिटले का त्याला खाणं दिसत नाही, ते नजरेनंच शोधते, मग खात नाही, मग ए आणखी कमी. हे चक्र पाण्याची ऊब वाढवून तुटत नाही.

काय द्यायचं: कासवाचे पेलेट मुख्य, पण पाकीट उघडून वर्ष झालेलं नाही, आणि बरणीतून सुटे तोलून दिलेले तर बिलकुल नाही, त्यातली व्हिटॅमिनं कधीच उडालेली असतात. त्याच्यासोबत शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोहळं (आपलं लाल कोहळं, पेठ्याचं नाही), जास्वंदाची पानं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवते, अंबाडी आणि चुक्याचंही तसंच. लहान असताना ते मांसाकडे ओढते, मोठं होता होता पाल्याकडे वळते, त्यामुळे पिल्लानं पाला सोडला तर जबरदस्ती नको. समुद्रफेस काष्टौषधीच्या दुकानात मिळते, त्याचा तुकडा पाण्यात टाकून द्या, कुरतडत राहील, कॅल्शियम मिळते आणि चोचही घासली जाते. भात, पोळी, ब्रेड, दूध, प्रसादाचा शिरा बंद. एका घरी मला सांगितलं का "ते देवाचं हाय, प्रसाद खातेच", खात होतंही, आणि कवच शंकरपाळ्यासारखं वाकडं झालं होतं.

सूज थोडी असेल, एक डोळा उघडत असेल, तर खाणं सुधारून, २७-२८ च्या पाण्यात दहा दिवस पाहा. रोज स्वच्छ कोमट पाण्यात, गळ्यापर्यंत, अर्धा तास बसवा, पाणी अंगात जाते आणि पापण्या नरम होतात. दोन्ही डोळे बंद असतील तर थांबू नका, डॉक्टर. आणि मेडिकलमधून व्हिटॅमिन एचे थेंब किंवा कॅप्सूल आणून तोंडात पिळू नका, ए जास्त झालं तर कातडी सोलून निघते, आणि मग कमी पडल्यापेक्षा वाईट हाल. माणसाचे डोळ्यांचे थेंबही नको, बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असते.

सहावी, दोन गोष्टी पटकन. टबात शोभेचे बारीक रंगीत गोटे असतील तर काढा आणि मोजा. कासव ते गिळते, आतडं अडते, खाणं बंद. एका गुरुजींच्या कासवाच्या एक्स-रेत पोटात गोट्यांची माळ दिसली होती. त्याच्या डोक्यापेक्षा मोठे असतील तेवढेच दगड ठेवा. दुसरं, कासव पाच-सहा वर्षांचं, मोठं, आखूड शेपटीचं, आखूड नखांचं असेल तर ती मादी, आणि खाणं बंद करून मागच्या पायांनी कोपरा उकरत असेल, टबातून बाहेर पडायची धडपड करत असेल, तर ती आजारी नाही, अंड्यावर आहे. नर नसला तरी अंडी होतात. खोल घमेल्यात ओलसर रेती-माती भरून, वीत दीड वीत तरी, त्यात सोडा आणि एकटं राहू द्या, पोट्ट्यांना हाकला. दोन-तीन दिवसांत घातली नाहीत आणि मरगळली तर अंडी अडकली, तिथं डॉक्टरशिवाय काही नाही.

हे सगळं चालू असताना वजन करा, किराणावाल्याच्या काट्यावर चालते, आठवड्यातून एकदा, आणि वहीत लिहा. डोळ्याला अंदाज येत नाही, कवच तेवढंच राहते आणि आतलं जनावर वाळत जाते.

आता थांबायचं कुठं. वर दुसऱ्या यादीतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. वजन दहा टक्के उतरलं तर, म्हणजे ५०० ग्रॅमचं ४५० झालं तर. पाणी २५ च्या वर असूनही तळहातापेक्षा लहान कासवानं आठवडाभर, मोठ्यानं दोन आठवडे काहीच खाल्लं नाही तर. त्याच्यापुढे घरी केलेला प्रत्येक उपाय म्हणजे दिवस घालवणं. डोळ्यामागची गाठ सुईनं फोडायचा तर विचारही करू नका, कासवाचा पू पातळ नसते, पनीरसारखा घट्ट असते, तो वाहत नाही, कापूनच काढा लागते आणि त्यासाठी भूल द्या लागते.

गावातल्या ढोरांच्या डॉक्टरकडे आधी जाल तर जा, माणसं चांगली असतात, पण एक गोष्ट हात जोडून सांगा, आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. गाई-बकऱ्यांच्या गोचिडांना, जंतांना तेच इंजेक्शन रोज चालते, बॅगेत असतेच, आणि कासवाला ते विष आहे, लकवा होऊन मरते. मी हे एका डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी चिडले, मग त्यांनी फोनवर विचारलं, मग चहा पाजला. शक्य असेल तर सरळ नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत न्या, तिथं एक्स-रे आहे आणि शिकवणारे डॉक्टर आहेत. सकाळी लवकर पोहोचा, ओपीडी दुपारी गुंडाळतात.

नेताना पाण्यात न्यायचं नाही. एसटीत टब हिंदकळते, आजारी कासव दमलेलं असते, त्यातच बुडू शकते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत ओला पिळलेला टॉवेल, थंडी असेल तर बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. सोबत वजनाची वही, पहाटेच्या पाण्याचे आकडे, आणि जे खाऊ घालता त्याचं पाकीटच न्या. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि माणूस म्हणते "तेच, कासवाचं खाणं".

हात लावून झालं का साबणानं धुवा, विशेष करून लहान पोरांचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असते, त्याला काही होत नाही, आपल्याला हगवण आणि ताप. अमेरिकेत लहान पोरं कासव तोंडात घालून आजारी पडायची म्हणून १९७५ पासून चार इंचाच्या आतलं कासव पाळायला विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे चार इंचाच्या वरचं दुकानात दिसतच नाही. टबाचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, झाडाला टाका, माझी जास्वंद त्याच्यावरच पोसली आहे.

आणि कंटाळा आला, मोठं झालं, खर्च परवडत नाही, म्हणून नदीत-तलावात सोडू नका. ते जगते, हीच तर अडचण आहे, आपल्या मऊ पाठीच्या कासवांची जागा आणि खाणं खाते आणि घरातला रोग तिकडे नेते. जगातल्या सगळ्यात वाईट शंभर घुसखोर जीवांच्या यादीत याचं नाव आहे. द्यायचं असेल तर ज्याच्याकडे आधीच एक आहे त्याला विचारा. माझ्याकडे असेच तीन आले आहेत, चौथ्याला जागा नाही, आधीच सांगून ठेवतो.

डॉक्टरकडून आणल्यावर लगेच खाईल अशी आशा धरू नका. ए चं इंजेक्शन दिलं तरी पापण्या उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत पाणी २८ वर ठेवा, रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसवा, आणि खाणं समोर टाकण्याऐवजी चिमट्यात धरून नाकाजवळ हलवा, वासावर तोंड उघडते. पहिला घास बहुतेक कोहळ्याचा असते, लाल रंग त्यांना आधी दिसते.